सातवं घर

परसात व्यालेल्या मांजरीच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. तिला तीन पिल्लांसकट मी रॉकेलच्या खोक्यात ठेवलं. शेजारच्या राजाबाई म्हणाल्या, “भावजी, मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते. ही निघाली तर वाटेतच मरेल.” मग मीच खोकं उचलून घरातल्या घरात फिरवू लागलो: ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, कोठी. “अहो, तिला कळतं होय तुमचं गणित?” राजाबाई हसल्या. मलाही तेच बघायचं होतं. सातवी खोली बायकोची. ती वारल्यापासून मी तिथलं दार उघडलं नव्हतं. आज उघडलं. खोकं आणि शेजारी दुधाची वाटी ठेवून जमिनीवर बसलो. मांजरीनं बाहेर येऊन बायकोची गोधडी हुंगली, फणी-कुंकवाची फणेरपेटी हुंगली. मग एक पिल्लू तोंडात धरून दाराकडे निघाली. मी अडवलं नाही. उंबऱ्याशी ती थांबली, मागे वळली. पिल्लू माझ्या मांडीत ठेवून दूध प्यायला गेली.