येणाऱ्यांची पावलं

सकाळी दार उघडलं आणि साठम चक्रावले. समोर रोजची फुलवाली नव्हती, पिठाची गिरणी नव्हती. होती ती नुसती कुंपणाची भिंत. आपण नेमके कुणाच्या घरातून बाहेर पडलो, हेच त्यांना कळेना.

"काका, पहाटे तुमचं घर पादचारी रस्त्याच्या पार टोकाला सरकलं," झाडू मारणाऱ्या गोदाताई म्हणाल्या. "तुमच्या जागी दुकान आलंय. महिनाभर दाराशी कुणी आलं नाही, की घर मागे जातं. ही वस्ती आखताना नियम तुम्हीच केलात ना?"

"अहो, पण मी रोज चार चकरा मारतो!"

"जाणाऱ्याची पावलं धरत नाहीत, काका. येणाऱ्याची धरतात."

साठम दाराकडे वळले. मग त्यांनी दार सताड उघडलं.

"ताई, चहा टाकतो. जरा आत येता?"