झेंडा कुणाचा

कोर्टाच्या पायऱ्यांवर जोलीननं अमेरिकेचा झेंडा पेटवला, तेव्हा तिची सासू व्हर्ना धापा टाकत पोहोचली. इराकच्या युद्धात मेलेल्या व्हर्नाच्या मुलाच्या शवपेटीवर अंथरलेला, लष्करानं तिच्या हाती सोपवलेला झेंडा होता तो. सुनेनं सकाळी न विचारताच कपाटातून नेलेला. "माझ्या नवऱ्याच्या शवपेटीवरचा झेंडा आहे हा! थांबवा हे युद्ध!" जोलीन ओरडत होती. जमाव शिव्या देत पुढं सरकत होता. हवालदार कर्टिस व्हर्नाजवळ आला. "काकू, झेंडा जाळणं गुन्हा नाही, घटनेनंच मुभा दिलीय. पण झेंडा तुमचा. 'चोरला' एवढंच म्हणा, आत्ता बेड्या घालतो." व्हर्ना जळत्या झेंड्याकडं बघत होती. लेकाचं तेवढंच उरलं होतं. "बोला ना काकू!" "मीच दिला होता तिला," व्हर्ना म्हणाली. गर्दीत घुसून तिनं जोलीनचं मनगट पकडलं. "मुकाट्यानं गाडीत बस. घरी गेल्यावर बघते तुला."