साठच्या पुढे

काटा शंभरावर गेला आणि जुन्या गाडीचं सगळं अंग थरथरायला लागलं. धाकट्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. एकोणतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस, पण या वेगाने तो आयुष्यात कधी गेला नव्हता.

डेपोत त्याला सगळे 'साठ' म्हणत. रस्ता कितीही रुंद असो, मोकळा असो, काटा साठच्या पुढे सरकायचा नाही. सर्वांत कमी डिझेल जाळणारा चालक म्हणून सलग सात वर्षं त्याचं नाव डेपोच्या फळ्यावर झळकलं होतं. प्रवासी कावायचे, सायकलवाला पुढे गेला बघा म्हणायचे. हा आपला हसून गप्पा मारत राहायचा. साठला इंजिन कुरकुरत नाही, शेजारच्याशी निवांत बोलता येतं, असं त्याचं म्हणणं. घरच्या गाडीतही तोच खाक्या. बायकोने त्याच्याबरोबर लग्नकार्याला जाणं केव्हाच सोडून दिलं होतं.

आज शेजारी दादा बसला होता, तोही अकरा वर्षांनी.

दादा शिंपी. वाळून अर्धा झालेला. मांडीवर कपड्यांची पिशवी, आणि बोटं सवयीने पँटच्या शिवणीवरून फिरत होती. हॉस्पिटल एकशे ऐंशी किलोमीटरवर होतं. दोन वाजेपर्यंत भरती व्हायचं होतं आणि उद्या सकाळी हृदयाचं ऑपरेशन.

आदल्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला होता. "भावजी, आमच्या लेकाची गाडी ऐनवेळी बंद पडलीये. तुम्ही न्याल का यांना?" आपण बरोबर येणार नाही, लांबच्या प्रवासात मळमळतं, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी येईन, असंही ती म्हणाली. धाकट्याला रात्रभर झोप लागली नाही. अडला म्हणून का होईना, दादाने हाक मारली होती.

अकरा वर्षांपूर्वी आईचं जास्त झालं तेव्हाही असाच फोन आला होता. तो तडक निघाला. रस्ता मोकळा होता, पण पाय सवयीने साठच्या पुढे गेलाच नाही. तो पोचला तेव्हा आईला जाऊन दहा मिनिटं झाली होती. दारात दादा उभा होता. भरल्या घरात, सगळ्यांसमोर, तो म्हणाला, "आलास? किती पेट्रोल वाचलं?"

त्या दिवसापासून दोघांत अबोला. धाकट्याला दादाचा राग कधी आलाच नाही. राग होता तो स्वतःच्या उजव्या पायाचा.

"एवढी घाई नको रे," दादा म्हणाला.

"तू काळजी सोड. वेळेच्या आत पोचवतो."

"दोन वाजायला खूप अवकाश आहे."

"असू दे. आज उशीर होणार नाही."

दादाने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली. बाहेर खांब सरसर मागे पळत होते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "पूर्वी कसा गाडीत तुझ्या तोंडाचा पट्टा चालू असायचा."

"तेव्हा साठने चालवायचो."

"मग आता चालव की साठने. पेट्रोल जळतंय उगाच."

टोमणा बरोबर जागी लागला. धाकट्याने पाय आणखी दाबला. काटा एकशे दहाला टेकला. त्याला माफी मागायची होती, पण तोंडाने मागून काय होणार? दादाला वेळेवर पोचवलं की ती आपोआप मागितली जाईल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"तुला एक सांगायचं होतं," दादा घसा खाकरून म्हणाला. "आई गेली त्या दिवशी..."

तेवढ्यात पुढच्या ट्रकने लेन बदलली. धाकट्याने कचकन ब्रेक लावला, बाजूने गाडी काढली, आणि त्याला दरदरून घाम फुटला.

"थांब, दादा. या वेगात लक्ष हललं तर दोघांचीही वाट लागेल. तू बरा होऊन बाहेर ये, मग हवं तेवढं बोल मला. मी ऐकून घेईन."

नंतरचा सगळा रस्ता दादा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत बसला.

एक वाजायच्या आत ते पोचले. बेड रिकामाच होता. नर्सने लगेच चाकाची खुर्ची आणली. आत नातेवाइकांना सोडत नव्हते. दरवाजापाशी दादाने खुर्ची थांबवायला लावली आणि धाकट्याचा हात धरला.

"फार लवकर आणलंस रे," तो म्हणाला.

दरवाजा बंद झाला. धाकटा तिथेच बाकावर बसून रडला. अकरा वर्षांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले. आम्ही शर्थ केली, एवढंच म्हणाले.

कागदांवर सह्या झाल्या. पुतण्याने गाडी हॉस्पिटलच्या दाराशी आणून लावली. वहिनीला धरून धाकटा एकेक पायरी उतरला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "कधी दुरुस्त झाली गाडी?"

वहिनी पायरीवरच थांबली.

"बंद पडलीच नव्हती, भावजी. मी खोटं बोलले, यांनीच बोलायला लावलं. म्हणाले, लेकाची गाडी दीड तासात पोचेल. धाकट्याला बोलाव, तो काही साठच्या पुढे जात नाही. त्याची माफी मागायला तीन तास तरी मिळतील."