सोडून आलेले शेत

ग्रामदेवीच्या वार्षिक पूजेपुरती वनखात्याने परवानगी दिली, तेव्हा रावजी अभयारण्यासाठी उठलेल्या आपल्या जुन्या गावी आला. जिथे त्याची नाचणी डोलत असे, तिथे आता कुरण माजले होते आणि त्यात गव्यांचा कळप निवांत चरत होता. नव्या वसाहतीत राहायला गेल्यापासून या गव्यांच्याच दर्शनासाठी त्याचा जीव तळमळत होता.

परंतु पांढऱ्या पायांचा तो काळाभोर नर दृष्टीस पडताच जन्माची सवय उसळून आली. "हाऽऽ हुर्रऽ!" रावजीने जोरजोराने टाळ्या पिटल्या. क्षणार्धात अवघा कळप झाडीत दिसेनासा झाला.

"अवो, आता कुणाचं पीक राखताय?" हौसाबाई पदराआड हसली, पण नवऱ्याचा चेहरा पाहून तिचे हसू मावळले.

"मामा, चला. अंधारायच्या आत बाहेर पडायचं हाय," वनरक्षक म्हणाला.

रावजी हलला नाही. ज्यांना हाकलण्यात आयुष्य सरले, त्यांना त्याने गोठ्यातल्या गुरांसारखी मायेने साद घातली, "या रं, माघारी या! रान तुमचंच हाय!"

तो आवाज गव्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. झाडीत खुरे वाजली आणि कळप आणखी आत निघून गेला.