फाटकाएवढा रुमाल

"मॅडम, हे कुणाला पटणार न्हाई," कडूबा उठता उठता म्हणाला, "पण डिझेल इंजिन मला एका म्हशीनं शिकवलं."

व्हरांडाभर हशा पिकला. अंबडच्या छात्रदल केंद्रात त्या दिवशी पोरांना सुट्टी होती आणि मास्तरांची परीक्षा. मोटार दुरुस्ती शिकणाऱ्या छात्रांना यंदापासून पक्कं प्रमाणपत्र मिळणार होतं. त्यांना शिकवणारे कोण, कुठून आले, आधी काय करत होते, हे पाहायला अरुंधतीबाई औरंगाबादहून आल्या होत्या. एकेकानं उठायचं आणि सगळ्यांदेखत आपली हकीकत सांगायची. जो पटेल, तो मुख्य निदेशक.

जगन्नाथराव आधीच सांगून बसले होते. "मी पुण्याचा. पुस्तकातून शिकलो, फळ्यावर शिकवतो. गॅरेजात उभ्या आयुष्यात पाऊल टाकलं नाही आणि गेल्या वर्षापर्यंत जालना जिल्हा नकाशातच पाहिला होता."

"तरीबी जीपला हात लावायच्या आधी वाकून खाली बघता की वो!" शिवण शिकवणाऱ्या बेबीनंदाबाई म्हणाल्या. "परवा तर एसटीखाली बघून राह्यले. कंडक्टर म्हणे, सायबाचं काय पडलं?"

"कधी मांजर बसलेलं असतं," जगन्नाथराव म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

त्यांना खोटं बिलकुल सहन होत नसे. कडूबानं विहीर पन्नास हात म्हटली की जगन्नाथराव दोर शोधायला निघत. कडूबाला तेवढंच हवं असे. वर्षभर रोज एक तरी थाप तो त्यांच्यापुढे टाकी आणि ते ती पकडेपर्यंत मिशीत हसत बसे.

"म्हैस राहू द्या," अरुंधतीबाई म्हणाल्या. "खरं सांगा."

"खरं म्हणाल तर थोरल्या भावानं. धर्मराजनं."

कडूबा सांगू लागला. ब्याऐंशी साली दोघं भाऊ जालन्यात एका गॅरेजात होते. तिथला कायदा एकच. गाडीखाली शिरायच्या आधी आपला रुमाल स्टिअरिंगला बांधायचा. ज्याचा रुमाल, त्यानंच सोडायचा. रुमाल दिसला की गाडीला कुणी हात लावायचा नाही. एक दिवस कडूबा सामान आणायला गेला होता. आला तोवर कुणीतरी ट्रक चालू करून पुढे घेतला होता आणि धर्मराज खाली होता. ट्रक घेणारा पळाला. कोण होता, कुणी पाहिलं नाही. स्टिअरिंगला रुमाल नव्हता. सगळे म्हणाले, धर्मराज बांधायला विसरला, त्याचीच चूक.

"माझ्या लेकानं रुमाल बांधला व्हता," हसनाबादला त्यांची आई साळूबाई आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. लोक मान हलवतात आणि पुढे जातात. लेकांच्या पहिल्या पगाराला तिनं मेलेल्या नवऱ्याचा फेटा फाडून दोघांना दोन रुमाल केले होते. कडूबाचा तेव्हापासून ट्रंकेच्या तळाशी आहे, कुणाला दाखवलेला नाही, की कशाचा आहे ते सांगितलेलं नाही. ज्यानं धर्मराजचा सोडला त्याला त्याच ट्रकखाली घालीन, असं तो आधी म्हणायचा. पुढे म्हणायचं सोडलं आणि थापा मारायला लागला. आता त्याला एकच पाहिजे होतं. रुमाल होता, हे आईसोडून दुसऱ्या कुणीतरी एकदा म्हणावं.

"अन् रुमाल कसा मॅडम?" कडूबा एकदम खुलला. "लालभडक! फाटकाएवढा! जांब समर्थच्या देवळाच्या कळसावरून दिसायचा. रस्त्यानं जाणारी एसटी थांबायची, डायवरला वाटायचं रेल्वे येऊन राह्यली. दोन बैल तर त्याला बघून गॅरेजात घुसले!"

बेबीनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. अरुंधतीबाईंनाही हसू आलं. जगन्नाथराव हसले नाहीत. त्यांनी तोंडाशी नेलेला कप परत बशीत ठेवला.

"हसता काय?" कडूबा त्यांच्याकडे वळला. "असला रुमाल आंधळ्यालाबी दिसंल. ज्यानं सोडला, त्यानं काय चुकून सोडला? न्हाई. बघून, समजून सोडला. माझ्या भावाला मारायलाच सोडला. खुनी म्हणायचं त्याला."

"कडूबा, पुरे."

"का मास्तर? रोज तर माझी थाप जल्दी पकडता. आज काय झालं? लाल व्हता, रगतावानी. लांबून दिसत व्हता. सोडणारा खुनीच."

"साफ खोटं!" जगन्नाथराव ताडकन उठले, बशी फरशीवर फुटली. "लाल कुठला? विटक्या पिवळ्या फेट्याची चिंधी होती ती! रुमाल आहे हे कळत तरी होतं का कुणाला?"