राणीचा आवाज

पडद्यावर राणी तोंड उघडत होती, मिटत होती, आणि तंबूत एक शब्द ऐकू येत नव्हता. काष्टीच्या बाजाराचा दिवस होता. तंबू गच्च भरला होता आणि दत्तोपंतांच्या फिरत्या टॉकीजचं आवाजाचं यंत्र ऐन गाण्यात बंद पडलं होतं. आतला काचेचा व्हॉल्व्ह उडाला होता. लढाई संपली होती, पण असले सुटे भाग अजून मुंबईतही मिळत नव्हते. मशीन चालवणारा लालमहंमद यंत्राला थापट्या मारून पाहत होता. लोकांनी शिट्ट्या सुरू केल्या. पुढच्या ओळीतल्या एकाने पायातली वहाण काढून हातात घेतली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने गाणं सुरू झालं.

आवाज चढा होता, पातळ आणि धारदार, आणि राणीच्या ओठांवर तो नेमका बसत होता. राणी श्वास घ्यायला थांबली की आवाजही थांबे. गाणं संपता संपता राणी वनात मूर्च्छा येऊन पडली आणि तंबूत 'वन्स मोअर'चा गलका झाला. लालमहंमदने रीळ मागे गुंडाळलं. राणी पुन्हा उभी राहिली, पुन्हा गायली आणि पुन्हा पडली.

गाणारीचं नाव सरवरी. चाळिशीची, चांगली उंचीपुरी बाई. लहानपणापासून नगरच्या एका उस्तादांकडे ख्याल शिकलेली. त्या विद्येवर तिने काय काय केलं नव्हतं! नाटक कंपनीत गेली, पण नायक तिच्या खांद्याला लागायचा, म्हणून कायम सासूची नाहीतर ऋषिपत्नीची कामं वाट्याला आली. नायक सिनेमात गेला आणि कंपनी बुडाली. मग कारकुनांच्या मुलींना गाणं शिकवलं. मुलगी एक पद शिके, बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे ते म्हणे, तिचं लग्न ठरे आणि शिकवणी बंद होई. रेडिओवर एकदा बोलावणं आलं. तिने तार षड्ज लावला तेव्हा तिथल्या साहेबांनी तिला सतरंजीसकट माइकपासून मागे मागे सरकवत दारापर्यंत नेलं. शेवटी सगळं सोडून ती काष्टीला थोरल्या बहिणीकडे येऊन राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तोपंत त्या बहिणीच्या दारात हजर झाले. व्हॉल्व्ह मिळेपर्यंत बाईंनी पडद्यामागे बसून गावं, अशी त्यांनी गळ घातली. सरवरी हो म्हणाली.

कर्जत झालं, राहाता झालं, पुन्हा काष्टी झालं. राणी, तिची सखी, तिची सवत, सगळ्यांचं बोलणं-गाणं सरवरी करी. पुरुषांचं बोलणं दत्तोपंतांकडे होतं. त्यांचा राक्षस राणीला धमकावता धमकावता मध्येच लालमहंमदला इंजिनात तेल घालायला सांगे. लोकांना त्याचं काहीच वाटत नसे. राणी गायला लागली की मात्र तंबू चिडीचूप होई. काष्टीची कडूबाई तर एकदा नारळ आणि खण घेऊन थेट पडद्यामागे आली, राणीची ओटी भरायला. सरवरीने तिला समजावून सांगितलं, की ती राणी नव्हे, नुसता आवाज.

"मंग आवाजाची वटी भरती," कडूबाई म्हणाली, आणि भरली.

आणि एके दिवशी मुंबईहून व्हॉल्व्ह आला. दत्तोपंत भला माणूस. बोलताना त्यांना फार अवघड झालं, पण आता बाईंना उगाच कशाला शिणवायचं, असं काहीसं ते बोलले. सरवरीने कुरकुर केली नाही. जाण्यापूर्वी एकदा समोर बसून चित्रपट बघायचा आहे, एवढंच ती म्हणाली.

खेळ काष्टीतच होता. राक्षस शुद्ध मराठीत बोलला. लोक जरा चपापले, पण गप्प राहिले. मग राणी गायला लागली. अर्धं कडवं होतं न होतं तोच कडूबाई उभी राहिली.

"ही कोन? ही आमची राणी न्हाई. आमच्या बाईची नक्कल करतीय, पर हिला जमंना."

कोणीतरी म्हणालं, वर जाताना हिचा दम तुटतो. दुसऱ्याने सांगितलं, ही नाकात गाते. गलका वाढत गेला आणि पुन्हा वहाणा हातात आल्या. लालमहंमदने दत्तोपंतांना विचारलंसुद्धा नाही, आपल्या हाताने आवाजाचं यंत्र बंद करून टाकलं. राणी पडद्यावर मुकाट्याने तोंड हलवत राहिली.

दत्तोपंत धावत बायकांच्या बाजूला आले. सरवरी तोंडाला पदर लावून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे असं त्यांना वाटलं. एका कलावंतिणीची अशी शोभा झालेली दुसरीला बघवली नसेल, असं समजून ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, मनाला लावून घेऊ नका. ती कोणी बडी गाणारी असेल. काष्टीत काय झालं ते तिला थोडंच कळणार आहे?"

सरवरीने पदर काढला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती उठली आणि पडद्यामागे जायला निघाली.

"कळलं तिला," ती म्हणाली. "पुण्याच्या स्टुडिओत हे गाणं मीच गायलेय, पंत. त्या दिवशी मला सणसणीत सर्दी झाली होती. पुन्हा एकदा गाते म्हणून किती विनवलं त्यांना, पण कोणी ऐकलं नाही."