कातळावरचा तंबू

"अंकुशराव, तुमच्या खटाऱ्यात पुन्हा पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार नाही!" तंबूतून साडू गरजला.

दोघे साडू गाडी घेऊन कातळाच्या उघड्या सड्यावर मुक्कामाला आले, आणि चहात साखर जास्त पडली एवढ्यावरून सकाळीच जुंपली. "मग बसा इथंच, कोल्ह्यांना नावं ठेवत!" म्हणत अंकुशरावांनी गाडी घराकडे सुसाट सोडली. पुन्हा ह्याचं तोंड बघायचं नाही!

कातळात खुंट्या शिरेनात म्हणून तंबूचे दोर काल आपणच गाडीला बांधले, हे त्यांना घाटात आठवलं. आरशात पाहतात तर मागे पुरुषभर उंचीवर तंबू पतंगासारखा तरंगतोय, आणि त्यातून तेच तोंड बाहेर!

"बघा, घरी चाललोय!" ते तोंड खिदळलं. "ठेवला का गाडीत पाय?"